घाटवाटांवरची जुनी वर्दळ आणि आजचे रान

बेळगावहून सकाळी चहा घेऊन निघालेला माणूस आज चोर्ला घाटाने दुपारच्या जेवणाला पणजीत असतो. मंगेशी, शांतादुर्गा, म्हाळसा अशी आपल्यापैकी अनेकांची कुलदैवते घाटाखाली आहेत. त्यामुळे वर्षातून एक-दोनदा तरी हा प्रवास घडतोच. आपल्या आईवडिलांच्या पिढीने तो लोंढा, कॅसलरॉक, कुळे असा रेल्वेने केला. त्यांच्या आजे-पणज्यांनी मात्र तो पायी केला. पहाटे घाटमाथ्यावरून निघायचे, उन्हे चढण्यापूर्वी रानात शिरायचे आणि दिवस मावळायच्या आत कोकणपट्टीतले पहिले गाव गाठायचे, असा तो एका दिवसाचा हिशेब असे. त्या वाटांविषयी, त्या का मोडल्या आणि मोडल्यावर तिथे काय उगवले, याविषयी हा लेख आहे.

खानापूर आणि चंदगड तालुक्यांची पश्चिम बाजू म्हणजे सह्याद्रीची कड. घाटमाथ्याची उंची इथे साधारण सातशे-आठशे मीटर. पुढे जमीन एकदम तुटते आणि खाली सत्तरी, डिचोली, दोडामार्गचा मुलूख दिसतो. कणकुंबीला माउलीच्या देवळाजवळ मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला कृष्णेकडे जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. तिथून काही कोसांवर खानापूरच्याच रानात म्हादई उगम पावते. ती पश्चिमेला वळून मांडवी या नावाने पणजीजवळ अरबी समुद्राला मिळते. एकाच तालुक्यातले पावसाचे पाणी दोन समुद्रांना जाते. या पाण्यावरून दोन राज्यांचा वाद किती वर्षे चालला आहे, हे आपण वर्तमानपत्रांत वाचतोच, तो विषय इथे नको. एवढेच सांगायचे की, पाण्याला जशा इथे दोन दिशा आहेत तशाच माणसांनाही होत्या. रामघाट, चोर्ला, कृष्णापूरचा घाट, तिनई घाट ही त्यांच्या येण्याजाण्याची नावे.

ही ये-जा किती जुनी, हे पाहायचे तर खानापूरजवळच्या हलशीला जावे. गोव्याच्या कदंबांची ही घाटावरची राजधानी. किनाऱ्यावर चंद्रपूर, म्हणजे आजचे चांदर, आणि नंतर गोवापुरी अशा त्यांच्या राजधान्या होत्या. एका राजघराण्याचे एक पाऊल समुद्राकाठी आणि दुसरे हलशीत, मध्ये सह्याद्री. घाट सतत चालता असल्याशिवाय असे राज्य चालवता येत नाही. हलशीचे भूवराह नरसिंहाचे देऊळ बाराव्या शतकातले. त्याच काळाच्या आसपासचे तांबडी सुर्ल्याचे महादेवाचे देऊळ गोव्याच्या बाजूला, घाटाच्या थेट पायथ्याशी, गर्द झाडीत उभे आहे. ते काळ्या बेसाल्ट दगडाचे आहे. भोवतालची जमीन जांभ्याची असल्यामुळे हा दगड घाटावरून खाली उतरवला, असे मानले जाते. आज ते देऊळ पाहणारा प्रत्येकजण विचारतो, एवढे सुंदर देऊळ असल्या आडरानात का बांधले? ते आडरान नव्हते, हेच त्याचे उत्तर. घाट उतरून आलेल्या माणसाला लागणारे ते पहिले मोठे देऊळ असावे. वाट मोडली, मग भोवती रान माजले. पुढे पोर्तुगीजांच्या काळात हे देऊळ वाचले, त्याचे श्रेयही लोक त्या रानालाच देतात.

सोळाव्या शतकात तिसवाडी, बार्देश आणि साष्टीत देवळे पाडली जाऊ लागली, तेव्हा लोकांनी रातोरात देव उचलून अंत्रुजात, म्हणजे फोंड्याकडे नेले. काही घराणी त्याहून पुढे गेली आणि घाट चढून वर आली. बेळगाव, खानापूर, चंदगडकडील कितीतरी आडनावांचे मूळ गाव गोव्यात सापडते ते यामुळे. सत्तरीचा मुलूख पोर्तुगीजांच्या हाती आला तो त्यानंतर दोनशेहून अधिक वर्षांनी, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि तिथेही त्यांना स्वस्थता मिळाली नाही. दिपाजी राण्यांनी २६ जानेवारी १८५२ रोजी वाळपईजवळचा नाणूसचा किल्ला घेतला आणि पुढे सुमारे तीन वर्षे पोर्तुगीज सरकारला दाद दिली नाही. त्यांच्यानंतर कुष्टोबा राणे उठले. बंडखोरांच्या पाठीशी घाट होता. तिथल्या वाटा त्यांना पाठ होत्या आणि माथा ओलांडला की इंग्रजांची हद्द लागत होती.

राजे आणि बंडे यांची नावे इतिहासात राहतात. घाट रोज चालता ठेवला तो मात्र बैलांनी. लमाणी आणि वंजाऱ्यांचे तांडे, गावोगावचे पाठीवर गोण घालणारे बैलवाले, डोक्यावर ओझे घेणारे हमाल यांच्यावर हा सगळा व्यापार होता. खालून मीठ, नारळ, सुपारी, सुकी मासळी वर यायची. वरून तांदूळ, कडधान्ये, गूळ, मिरची, तंबाखू, कापड खाली जायचे. त्यात मिठाचे महत्त्व सर्वांत मोठे. घाटमाथ्यावर मीठ पिकत नाही, आणि माणसाला व गुरांना त्यावाचून चालत नाही. एक धट्टाकट्टा बैल पाठीवर शंभर-सव्वाशे किलो ओझे घेऊन घाट चढे. पावसाळ्याचे चार महिने वाटा बंद राहत. दसरा झाला की तांडे निघत.

आता जरा रस्त्याच्या हिशेबाकडे येतो. स्थापत्याची पदविका घेऊन आयुष्य रस्त्यांच्या मोजमापात गेल्यामुळे मला या गोष्टीचा इतिहास तिथेच दिसतो.

पाठीवर गोण घेतलेला बैल बराच उभा चढ चढू शकतो. चार-पाच फूट चालल्यावर एक फूट चढ, इतका तीव्र उतारही त्याला जमतो, फक्त पाय ठेवायला दगड घट्ट पाहिजे आणि मधूनमधून दम खायला सपाटी पाहिजे. गाडीचे तसे नाही. भरलेली बैलगाडी चढावर मागे ओढते आणि उतारावर बैलांच्या अंगावर येते. म्हणून गाडीरस्त्याला वीस फुटांना एक फूट हा चढ धरतात. आजही डोंगरी रस्त्यांसाठी आम्ही जो नेहमीचा चढ धरतो तो शेकडा पाच, म्हणजे तोच वीसास एक. समजा सहाशे मीटर उतरायचे आहे. बैलाच्या वाटेला अडीच-तीन किलोमीटर पुरतात. गाडीच्या रस्त्याला बारा किलोमीटर लागतात. तो डोंगराच्या अंगावरून वळसे घेत न्यावा लागतो, कातळ फोडावा लागतो, प्रत्येक ओढ्यावर मोरी बांधावी लागते. हा खर्च दहा घाटांवर करणे कोणत्याच सरकारला परवडत नाही. तो एका घाटावर होतो आणि उरलेले नऊ मरतात.

आपल्याकडे नेमके हेच झाले. १८१८ मध्ये बेळगावचा किल्ला इंग्रजांच्या हाती आला आणि पुढे इथे कॅम्प वसला. फौजेला लागणारा माल वेंगुर्ले बंदरात उतरे आणि रामघाटाने वर येई. रामघाटाचा चढ अवघड, गाड्यांना जिवावरचा. शेवटी १८६० च्या दशकाच्या अखेरीस पारपोलीचा, म्हणजे आजचा आंबोली घाट गाड्यांसाठी बांधून झाला. दोन बैलांची एक गाडी पाठीवरच्या पाच-सहा बैलांचे ओझे नेते आणि माणूस एकच लागतो. व्यापाऱ्याला आणखी काही सांगावे लागत नाही. रामघाट हळूहळू ओस पडला.

दुसरा घाव रेल्वेचा. १८७८ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज सरकारांत करार झाला. त्यात मुरगाव बंदरातून घाटावर रेल्वे नेण्याचे ठरले आणि गोव्यातल्या मिठाचा मक्ता इंग्रजांकडे गेला. म्हणजे घाटवाटांवरचा जो मुख्य माल, त्याच्यावरच सरकारचे कुलूप लागले. चोरटे मीठ वर जाऊ नये म्हणून वाटांवर पहारे बसले. १८८८ मध्ये मुरगावपासून ब्रिटिश हद्दीपर्यंत गाडी धावू लागली. कॅसलरॉक ते कुळे या सव्वीस किलोमीटरांत ती दूधसागराच्या अंगावरून घाट उतरते. चढ सदतीसास एक. इंजिनाला बैलगाडीहूनही सौम्य चढ लागतो, म्हणून इतके बोगदे, इतके पूल. कॅसलरॉकला इंग्रजांची जकात, कुळ्याला पोर्तुगीजांची. जो माल दहा वाटांनी जात होता तो आता दोन रुळांवरून जाऊ लागला.

पारपोलीचा रस्ता आणि मुरगावची रेल्वे यांच्यात अंतर जेमतेम वीस वर्षांचे. तेवढ्या काळात शेकडो वर्षांची वर्दळ आटली. ज्या गावांच्या दारावरून तांडे जात होते, ती गावे रस्त्याच्या टोकाला आणि मग रस्त्याच्या बाहेर पडली. सरकारी कागदात आज या गावांपुढे ‘दुर्गम’ असा शब्द असतो. मला तो वाचताना नेहमी अडखळायला होते. ही गावे मुळात दुर्गम नव्हती. त्यांना दुर्गम केले ते चाकाने.

कृष्णापूर त्यांपैकीच एक. खानापूर तालुक्यात, भीमगडच्या रानात, अगदी कडेवर. इथून जुनी वाट घाट उतरून सत्तरीतल्या सात्रे गावी जाते. कृष्णापूरच्या लोकांना आपल्या तालुक्याच्या गावापेक्षा गोव्यातली वाळपई जवळची. बाजाराला, दवाखान्याला ते याच वाटेने खाली उतरत आले. आज वरची बाजू भीमगड अभयारण्यात आणि खालची म्हादई अभयारण्यात येते, त्यामुळे दोन्ही राज्यांच्या वनखात्याची परवानगी असल्याशिवाय या वाटेवर पाऊल टाकू नये. परवानगी मिळाली तर जानेवारी महिना उत्तम. ओढ्यांना पाणी असते, जळवा नसतात आणि दिवस फार तापत नाही.

या वाटेने गेले म्हणजे जे दिसते ते दोन प्रकारचे आहे, आणि ते एकमेकांत मिसळलेले आहे. माथ्यावरच्या सड्यावर पहिल्या उन्हात गवे चरताना दिसतात. गवा हा गोव्याचा राज्यप्राणी. पायांत पांढरे मोजे घातल्यासारखा, अंगाने काळाभोर, आणि माणूस दिसला की पळण्याआधी क्षणभर डोके वर करून नीट पाहणारा. आपण थांबावे, त्याला वाट द्यावी. उतरण सुरू झाली की उजेड एकदम कमी होतो. वरच्या फांद्यांत खसखस झाली तर शेकरू समजावे. लालसर पाठीची ही मोठी खार जमिनीवर सहसा उतरत नाही. धनेश आधी ऐकू येतो, मग दिसतो. त्याच्या पंखांचा आवाज दूरवर कोणी भाता ओढत असल्यासारखा येतो. ओढ्याकाठी कस्तुराची शीळ, थेट माणसाने घातल्यासारखी. पिवळ्या अंगाचा, गळ्याशी माणकासारखा लाल ठिपका असलेला बुलबुल दिसला तर तो गोव्याचा राज्यपक्षी. भेकर भुंकल्याचा आवाज आला की बरोबरचे वाटाडे बोलणे थांबवतात. बिबट्या किंवा रानकुत्री जवळ असू शकतात. वाघ दिसत नाही. ओल्या मातीत त्याचा पंजा दिसतो आणि तेवढा पुरे असतो.

या सगळ्यामध्ये जुनी वाट चालूच असते. उताराला आडवे बसवलेले दगड, पावसाचे पाणी बाजूला काढण्यासाठी तिरके लावलेले दगड, दोन-तीन बैल बाजूला घेता येतील इतकी सपाटी. हे निसर्गाचे काम नव्हे. कोणीतरी पाण्याचा आणि पावलांचा विचार करून ते बसवले आहेत. माझ्या धंद्यातल्या माणसाने तिथे जरा वाकून पाहावे, असे ते काम आहे. आणि गंमत अशी की, गव्याचे शेण आणि सांबराच्या लेंड्या जास्तीत जास्त याच वाटेवर सापडतात. जड अंगाच्या जनावरालाही डोंगर उतरायला तीच रेघ सोयीची वाटते. बैल गेले, गवे आले, वाट तीच राहिली.

कृष्णापूर आणि तळेवाडीच्या दरम्यान बारापेडेच्या गुहा आहेत. तिथे राहणाऱ्या एका वटवाघळाची शास्त्रीय नोंद १९१३ मध्ये झाली आणि मुंबई इलाख्यातले वनाधिकारी राॅटन यांचे नाव त्याला दिले गेले. कितीतरी दशके साऱ्या जगात या वटवाघळाचे हे एकच ठिकाण माहीत होते. पुढे मेघालयात आणि कंबोडियातही ते आढळले. तरी आपल्या तालुक्यातल्या गुहेचे महत्त्व कमी झालेले नाही. बेळगावात शंभर माणसांना विचारले तर दोघांनाही हे ठाऊक नसेल.

म्हादई अभयारण्य १९९९ मध्ये जाहीर झाले, भीमगड २०११ मध्ये. पलीकडे तिळारीचे रान २०२० मध्ये राखीव झाले. दक्षिणेला दांडेली-अणशीचा काळी व्याघ्र प्रकल्प आणि उत्तरेला राधानगरी, यांच्यामधला हा दुवा आहे. वाघ, हत्ती याच पट्ट्याने सरकतात. कर्नाटकातून हत्ती चंदगड-दोडामार्गात उतरू लागले त्याला आता वीस वर्षे होऊन गेली आणि तिथल्या केळी-माडाच्या बागायतदारांनी त्याची किंमत मोजली आहे. जानेवारी २०२० मध्ये सत्तरीत गोळावलीला चार वाघ मेलेले सापडले. गुरे मारल्याच्या रागातून विष घातल्याचे तपासात पुढे आले. सत्तरीत आणि आसपास जागोजागी वाघ कोरलेले दगड ‘वाघरो’ म्हणून पुजले जातात. त्याच भूमीत हे घडले. जुलै २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने म्हादईला व्याघ्र प्रकल्प जाहीर करण्याचा आदेश दिला, तेव्हा गोवा सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले.

अभयारण्याच्या आत आमगाव, गवळी, कोंगळे, पास्तोली, तळेवाडी, कृष्णापूर अशी गावे, वाड्या आहेत. पावसाळ्यात आजाऱ्याला डोलीत घालून कित्येक मैल चालवत आणावे लागते, ही बातमी दर वर्षी-दोन वर्षांनी छापून येते आणि विसरली जाते. रस्ता मागितला तर वनकायदा आडवा येतो. तळेवाडीच्या कुटुंबांनी आता भरपाई घेऊन बाहेर येणे पत्करले आहे. शहरात या विषयावर बोलणाऱ्यांचे दोन तट असतात. एक म्हणतो, हे आदिम, अस्पर्श रान आहे, माणसाने यातून निघावे. दुसरा म्हणतो, गावांना रस्ता करून मोकळे व्हा. इतिहास पाहिला तर पहिल्याचे म्हणणे खरे नाही. हे रान माणसांनी आणि बैलांनी शेकडो वर्षे तुडवलेले आहे. गवळी-धनगरांच्या म्हशी त्यात चरल्या, कुमरीची शेती झाली, देवरायाही लोकांनीच राखल्या. तेव्हा तिथल्या माणसाला घुसखोर म्हणता येत नाही. दुसऱ्याचे म्हणणेही मला पटत नाही. वीसास एकचा रस्ता त्या उतारावर काढायचा म्हणजे बारा किलोमीटर डोंगर कापायचा. मग दरडी येतात, मग त्या थोपवायला भिंती येतात, आणि गाव राहते बाजूलाच.

माझ्या मते ज्यांना बाहेर यायचे आहे त्यांना पूर्ण मोबदला आणि जमीन वेळेवर मिळावी. जे राहणार आहेत त्यांच्यासाठी जुनी पायवाट दुरुस्त करावी. डांबर नको, सिमेंट नको. निखळलेले दगड परत बसवायचे, पाण्याच्या मोऱ्या मोकळ्या करायच्या आणि ओढ्यांवर साकव घालायचे. चार माणसे डोली घेऊन पावसात न घसरता चालू शकतील, एवढीच रुंदी. याला ना झाड तोडावे लागते ना सुरुंग. असे काम करणारे गवंडी सत्तरीत आणि खानापुरात अजून आहेत. आमच्यासारख्यांच्या अंदाजपत्रकात मात्र या कामाला रकाना नाही, कारण ज्यावरून गाडी जात नाही तो रस्ता धरला जात नाही.

चतुर्थीला गोव्याच्या घरात गणपतीवर माटोळी बांधतात, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. नारळ आणि सुपारीचे घड बाजारात मिळतात. कांगले, घागऱ्या यांसारखी रानफळे मात्र कोणीतरी रानात जाऊन काढून आणावी लागतात. आदल्या दिवशीच्या बाजारात ती विकायला बसलेल्या बायका पाहाव्यात. त्यांतल्या बऱ्याच जणी घाटाच्या पायथ्याच्या वाड्यांतून आलेल्या असतात. कोणत्या ओढ्याकाठी काय पिकते, कोणती वाट कुठे जाते, हे त्यांना विचारले तर त्या सांगतात. मी विचारले आहे. घाटांची काही नावे मला तिथेच मिळाली. ती कोणत्याही नकाशात नाहीत.

सर्वेक्षण खात्याच्या जुन्या नकाशांत बैलांच्या वाटा तुटक रेघेने दाखवलेल्या असत. मोबाईलवरच्या नकाशात त्या जागी नुसता हिरवा रंग आहे. आपल्या मंडळाच्या कितीतरी घरांत अजून आजोबा-पणजोबांच्या चोपड्या, मोडीतले हिशेब, जकातीच्या पावत्या माळ्यावर पडून असतील. त्यांत घाटाचे, नाक्याचे किंवा मुक्कामाच्या गावाचे नाव सापडले तर ते कागद रद्दीत घालण्यापूर्वी मंडळाच्या कार्यालयात आणून दाखवावेत. मोडी वाचणारे दोन ज्येष्ठ सभासद दर रविवारी सकाळी तिथे बसतात.